पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीजी_वॉल फोल्डरमधल्या जुन्या फाइली पुसू का? संध्याकाळच्या संकलनाआधी सांगा

कृष्णाकाठ (सकाळी 9.40)

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघात संगणक विभाग मी एकटाच बघतो. आज पहाटे साडेपाचला संकलन सुरू झालं आणि दहा मिनिटांत केंद्रांवरून फोन सुरू झाले. दुधाचं फॅट, एसएनएफ (स्निग्धेतर घनपदार्थ) मशीनवर दिसतंय पण पावती निघत नाही. ऑफिसात येऊन बघितलं तर डेटाबेस बंद पडलेला, लॉगमध्ये शेवटची ओळ ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’.

पोस्टग्रेस 12 आहे, लिनक्सवर. 480 जीबीची एसएसडी, त्यावर एकच ईएक्सटी-4 (लिनक्सची फाइलसिस्टिम) पार्टिशन डेटासाठी. डेटा फोल्डरमधल्या ‘लॉग’ नावाच्या फोल्डरमधल्या जुन्या टेक्स्ट फाइली पुसल्या, 6 जीबी जागा झाली. सर्व्हर चालू केला, चालू झाला. सकाळचं संकलन हाताने वहीत घेतलेलं आता भरून घेतोय.

पण मूळ दुखणं तसंच आहे. डेटाबेस 74 जीबीचा. रात्री एक वाजता पीजी_डंप (डेटाबेसचा बॅकअप) निघतो, तोही याच डिस्कवर, शेवटचे तीन ठेवतो, प्रत्येकी 9 जीबी. आणि ‘पीजी_वॉल’ या फोल्डरमध्ये 311 जीबी! मोजल्या तर 19,904 फाइली, सगळ्या 16 एमबीच्या. सगळ्यात जुनी मे महिन्यातली. यातल्या जुन्या पुसल्या तर चालेल का? संध्याकाळी पाचला पुन्हा संकलन आहे, आणि उद्या दहा दिवसांचं बिल काढायचंय.

लाल_दिवा (सकाळी 9.58)

सात दिवसांपेक्षा जुन्या फाइली शोधून पुसून टाका. फाइंड कमांडला दिवस दिले की एका ओळीत काम होतं. आमच्याकडे लॉगसाठी हेच करतो, कधी अडचण आली नाही.

रात्रपाळी (सकाळी 10.06)

थांबा. कृष्णाकाठ, त्या फोल्डरला हात लावू नका. एकही फाइल पुसू नका, हलवू नका. सविस्तर लिहिते, पंधरा मिनिटं द्या. तोवर एकच काम करा: आज रात्री एकचा डंप क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवतो तो) बंद करून ठेवा. तुमची स्क्रिप्ट नवा डंप काढून मग जुना पुसत असेल तर तुमच्याकडची 6 जीबी त्या 9 जीबीपुढे पुरणार नाही, आणि उद्या पहाटे परत हीच गत होईल.

रात्रपाळी (सकाळी 10.31)

आता नीट सांगते. मी फोनवरून लिहितेय आणि कळफलक देवनागरी आहे, म्हणून कमांडची नावंही तशीच लिहिते. टाकताना अर्थातच रोमनमध्ये टाका.

आधी घाबरणं कमी करू. 19,904 फाइली, सगळ्यात जुनी मे महिन्यातली, म्हणजे साधारण तीन महिने धरू. दिवसाला सव्वादोनशेच्या आसपास फाइली, म्हणजे साडेतीन जीबीच्या आत. डंप बंद ठेवलात तर 6 जीबीत दीड दिवस आरामात निघेल. संध्याकाळचं संकलन बुडत नाही. जुन्या तीन डंपांपैकी दोन दुसऱ्या कुठल्याही मशीनवर कॉपी करा, तिकडे फाइलचा आकार बरोबर आहे का बघा आणि मग इथून काढा. 18 जीबी अजून मिळाली. इतक्या वेळात शांतपणे कारण शोधता येतं.

‘लॉग’ फोल्डरमधल्या टेक्स्ट फाइली पुसल्यात ते योग्यच केलंत. पण पीजी_वॉल हा त्या अर्थाने लॉग नाही. डेटाबेसमध्ये कुठलाही बदल होतो तो आधी इथे लिहिला जातो आणि नंतर सवडीने टेबलच्या फाइलीत जातो. सर्व्हर अचानक बंद पडला तर चालू होताना इथलंच वाचून तो स्वतःला सावरतो. आज सकाळी तुमचा सर्व्हर जागा मिळताच उभा राहिला तो या फाइली शाबूत होत्या म्हणून. पूर्वी या फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग होतं. नावात लॉग बघून जगभर लोकांनी ते पुसलं, आणि शेवटी 2017 साली आवृत्ती 10 मध्ये पोस्टग्रेसवाल्यांनी नावच बदललं.

तारखेवरूनही ठरवू नका. वापरून झालेली फाइल पोस्टग्रेस पुष्कळदा पुसत नाही, नाव बदलून पुढच्या क्रमांकासाठी ठेवतो. त्यामुळे जुनी तारीख म्हणजे जुना मजकूर असं नसतं. कुठली फाइल नको झाली हे सर्व्हरला नेमकं माहीत असतं, आणि नको झालेली तो आपणहून काढतो. तो काढत नाहीये याचा अर्थ कुणीतरी त्याला ‘अजून ठेव’ असं सांगून ठेवलंय. आपल्याला शोधायचाय तो हा सांगणारा.

हे मी इतकं ठासून का सांगतेय तर 2014 साली मी हे डोळ्यांनी बघितलंय. एका वितरण कंपनीत मी तेव्हा रात्रपाळीला होते. डिस्क भरली, शिफ्टवरच्या नव्या मुलाने एक्सलॉग रिकामा केला आणि सर्व्हर रिस्टार्ट केला. ‘वैध चेकपॉइंट रेकॉर्ड सापडत नाही’ म्हणून सर्व्हर उठेना. चेकपॉइंट म्हणजे इथवरचे बदल टेबलच्या फाइलीत उतरले अशी खूण. शेवटी पीजी_रिसेटएक्सलॉग (एक्सलॉग नव्याने सुरू करणारी कमांड) मारून जबरदस्तीने उठवला. उठला, पण काही बिलं अर्धी होती: वरची ओळ आहे आणि माल नाही, किंवा माल आहे आणि बिलच नाही. तीन दिवस आम्ही चौघं जण छापील चलनं मांडीवर घेऊन एकेक क्रमांक स्क्रीनशी ताडत बसलो होतो. त्या मुलाची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी सांगते.

आता सांगणारा कोण? बहुतेक वेळा तिघांपैकी एक निघतो.

पहिला संशय रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर प्रत चालू ठेवणं) स्लॉटवर. तुमच्याकडे दुसरा सर्व्हर होता का, ज्यावर याची प्रत चालायची? असेल तर मुख्य सर्व्हर त्याच्यासाठी एक स्लॉट राखतो आणि त्याने वाचून होईपर्यंत एकही फाइल सोडत नाही. दुसरा सर्व्हर मेला तरी वाट बघत राहतो. पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला कमांड द्यायचं साधन) ‘पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स’ या व्ह्यूवर सिलेक्ट मारा. ‘ॲक्टिव्ह’ या कॉलममध्ये ‘एफ’ (फॉल्स, म्हणजे चालू नाही) दिसला की सापडला. एलएसएन म्हणजे पीजी_वॉलमधल्या नोंदीची जागा. ‘रीस्टार्ट_एलएसएन’ आणि सध्याचा एलएसएन यांतला फरक ‘पीजी_वॉल_एलएसएन_डिफ’ या फंक्शनने काढला की त्याने नेमकी किती जागा अडवलीय ते बाइटमध्ये कळतं.

दुसरा संशय आर्काइव्हवर. ‘आर्काइव्ह_कमांड’ (भरलेली फाइल दुसरीकडे कॉपी करणारी) लावलेली असेल आणि ती फेल होत असेल तर तीच फाइल पुन्हा पुन्हा पाठवायचा प्रयत्न चालू राहतो आणि मागची सगळी रांग साचते. ‘पीजी_स्टॅट_आर्काइव्हर’मध्ये फेल झाल्याचा आकडा आणि शेवटची वेळ मिळेल. तिसरं म्हणजे ‘वॉल_कीप_सेगमेंट्स’चा (किमान किती फाइली ठेवायच्या) आकडा कुणी भलताच मोठा टाकला असेल. तुमच्या 12 मध्ये याच नावाने आहे, 13 पासून ते ‘वॉल_कीप_साइझ’ झालं.

तिन्ही बघा आणि इथे लिहा. काढायचं काय ते मग सांगते.

लाल_दिवा (सकाळी 10.44)

माझा सल्ला मागे घेतो. आमचे होते ते वेब सर्व्हरचे लॉग, हे वेगळं आहे हे माहीत नव्हतं. कृष्णाकाठ, तुम्ही चालवलं नाही ना?

कृष्णाकाठ (सकाळी 11.15)

नाही चालवलं दादा, ताईंचं वाचलं आणि थांबलो.

ताई, स्लॉटच निघाला. आर्काइव्ह बंदच आहे, कीप_सेगमेंट्स शून्य. स्लॉट एकच, ॲक्टिव्ह ‘एफ’, फरक 309 जीबी. आता लक्षात आलं. वळवाच्या पावसात वीज पडली तेव्हा शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या मशीनचा मदरबोर्ड जळाला. ते मशीन दुरुस्तीला गेलं ते अजून आलेलं नाही. मुख्य सर्व्हरवर काही करायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं, बसवून देणारा माणूस स्लॉटबद्दल काही बोलला नव्हता.

डंप बंद केलाय, दोन जुने डंप अकाउंट्सच्या मशीनवर हलवले. आता 94 टक्के भरलंय. स्लॉट काढू?

रात्रपाळी (सकाळी 11.22)

काढा. ‘पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट’ या फंक्शनला स्लॉटचं नाव अवतरणचिन्हांत द्या. मग ‘चेकपॉइंट’ ही एकच कमांड. फाइली चेकपॉइंटच्या वेळी सुटतात, नुसता स्लॉट काढून लगेच काही दिसलं नाही तर गोंधळू नका.

एक परिणाम समजून घ्या: दुरुस्तीहून आलेलं मशीन आता जुन्या जागेवरून पुढे चालू होणार नाही. त्याला ‘पीजी_बेसबॅकअप’ने नव्याने पूर्ण प्रत द्यावी लागेल. 74 जीबी आहे, ऑफिसच्या नेटवर्कवर एका रात्रीत होईल. तीन महिने मागे पडलेली प्रत सांभाळण्यापेक्षा हेच बरं.

कृष्णाकाठ (सकाळी 11.41)

झालं! चेकपॉइंटला चाळीस सेकंद लागले. पीजी_वॉल 311 जीबीवरून दीड जीबीवर. डिस्क 20 टक्के. केंद्रांवर कुणाला काही जाणवलंसुद्धा नाही. ताई, फार आभार. सकाळपासून चहा घेतला नव्हता.

आता जागा आहे तोवर विचारून घेतो. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय काय करून ठेवू? आणि मागच्या वर्षी मी 2014 ते 2016 चं संकलन डिलीट केलं होतं, तरी डेटाबेसचा आकार तसूभर कमी झाला नाही. ते का?

बँकेतला (दुपारी 12.50)

ओरॅकलवाल्यांसाठी शेजारची गोष्ट, कारण चूक तीच होते. आर्काइव्ह लॉगची जागा भरली की ओरा-00257 येतो आणि नवं कुणी लॉगिन करू शकत नाही. लोक ऑपरेटिंग सिस्टिममधून आरएमने आर्काइव्ह फाइली पुसतात. डिस्क रिकामी दिसते, एरर तसाच. कारण रिकव्हरी एरियात किती वापरलं याचा हिशोब कंट्रोल फाइलमध्ये असतो, डिस्क बघून तो ठरत नाही. आरमॅनमध्ये (ओरॅकलचं बॅकअपचं साधन) जाऊन ‘क्रॉसचेक आर्काइव्हलॉग ऑल’ आणि मग ‘डिलीट एक्स्पायर्ड’ केलं की हिशोब जुळतो. मुळात पुसायचं तेच आरमॅनमधून, आणि बॅकअप झालेलंच.

मायएसक्यूएलमध्ये बिनलॉग, म्हणजे बदलांच्या नोंदीच्या फाइली. 8.0 मध्ये ते 30 दिवस राहतात, सेटिंग सेकंदात आहे: 25,92,000. त्याआधीच्या आवृत्त्यांत डीफॉल्ट शून्य होतं, म्हणजे कधीच जात नव्हते. तिथेही हाताने न पुसता ‘पर्ज बायनरी लॉग्ज’.

आम्ही प्रत्येक डेटा डिस्कवर 5 जीबीची एक रिकामी फाइल ‘एफअलोकेट’ने करून ठेवलीय. नावच ‘अडचणीत_पुसा’. रात्री दोनला डिस्क भरली तर ड्युटीवरच्या माणसाला विचार न करता पुसता येईल अशी एक तरी गोष्ट पाहिजे.

रात्रपाळी (दुपारी 2.15)

बँकेतल्यांची ती फाइल आजच करून घ्या, कृष्णाकाठ. तुमच्याकडे आणखी एक राखीव साठा आहे: ईएक्सटी-4 पाच टक्के जागा रूटसाठी बाजूला ठेवतो. तुमच्या डिस्कवर ती 22 जीबीच्या आसपास होते, आणि पोस्टग्रेसचा युजर ती वापरू शकत नाही. निव्वळ डेटाच्या पार्टिशनवर इतकी लागत नाही. ‘ट्यून2एफएस’ला एम पर्याय देऊन एक टक्क्यावर आणता येते, सर्व्हर चालू असताना. पण मी म्हणेन आत्ता आणू नका. पुढे कधी गळ्याशी आलं तर हातात असू द्या.

डिलीटचं. पोस्टग्रेस डिलीट केलेली ओळ जागच्या जागी मेलेली ठेवतो. नंतर व्हॅक्यूम येऊन ती जागा ‘पुन्हा वापरता येईल’ अशी नोंदतो, पण डिस्कला परत देत नाही, फाइलच्या अगदी शेवटाला रिकामं असेल तेवढंच परत जातं. तुमच्या 2014 च्या ओळींच्या जागी आज मागच्या वर्षीपासूनचं दूध बसलंय. म्हणजे डिलीट वाया गेलं नाही, आकार वाढला नाही हाच त्याचा फायदा. ‘व्हॅक्यूम फुल’ने जागा परत मिळते, पण तो सगळं टेबल दुसरीकडे नव्याने लिहितो, तेवढीच मोकळी जागा मागतो आणि तोवर टेबलला कुलूप. संकलनाच्या वेळी चुकूनही नको. मला विचाराल तर संकलनाचं टेबल वर्षावार पार्टिशन करा. जुनं वर्ष काढायचं तर ते पार्टिशन आधी डंप करून ड्रॉप करायचं, क्षणात जागा परत.

संकलन टेबलात ओळी किती? सहा कोटींच्या घरात असतील तर ऑटोव्हॅक्यूमचं (आपोआप चालणारा व्हॅक्यूम) डीफॉल्ट 20 टक्के म्हणजे 1 कोटी 20 लाख ओळी मरेपर्यंत तो फिरकणारच नाही. त्या एका टेबलापुरतं ‘ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर’ 0.02 करा.

लक्ष ठेवायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. क्रॉनमध्ये दर पंधरा मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट: डिस्क 75 टक्क्यांवर गेली तर मेसेज, पीजी_वॉल 10 जीबीवर गेला तर मेसेज, आणि एकही स्लॉट ‘एफ’ असेल तर मेसेज. तिसरा असता तर मे महिन्यातच वाजला असता. आवृत्ती 13 पासून ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ’ नावाची मर्यादा घालता येते, ती ओलांडली की सर्व्हर स्लॉटला सोडून देतो आणि स्वतः जगतो. तुमच्या 12 मध्ये ती नाही. शिवाय 12 ला नोव्हेंबर 2024 नंतर दुरुस्त्या मिळणं बंद झालंय, त्यामुळे अपग्रेडचा विषय संचालकांपुढे याच महिन्यात ठेवा, आजची सकाळ त्यांच्या लक्षात आहे तोवर.

वेग वाढवण्यासाठी कुणी ‘एफसिंक’ (नोंद खरंच डिस्कवर उतरल्याची खात्री करणं) बंद करून ठेवलंय का तेही बघा. बसवून देणारे करतात असं. वीज गेली की अख्खा डेटाबेस बिघडू शकतो. वेगच हवा असेल तर ‘सिंक्रोनस_कमिट’ बंद करा, त्यात फार तर शेवटच्या अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या नोंदी जातील, पण उरलेला डेटा सुसंगत राहतो. अर्थात दुधाची पावती शेतकऱ्याच्या हातात गेली आणि नोंद नाही, हे मला तरी चालणार नाही.

शेवटी बॅकअप, आणि माझ्या दृष्टीने आज डिस्क भरण्यापेक्षा हे जास्त गंभीर आहे. डेटा आणि डंप एकाच एसएसडीवर होते. ती जळाली असती तर? मदरबोर्ड जळालेलं बघितलंयच तुम्ही. डंप रोज दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या आणि आठवड्यातून एक इमारतीबाहेर. नुसता जातोय यावरही विसंबू नका. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं 31 जानेवारी 2017 चं प्रकरण त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलंय: एका इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरचं डेटा फोल्डर पुसलं, बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी. सर्व्हर 9.6 आणि पीजी_डंप 9.2 चा चालत होता, म्हणून तो रोज फेल होत होता. फेल झाल्याच्या ईमेल पोचतच नव्हत्या. कुणीतरी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून वाचले, मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच.

म्हणून महिन्यातून एकदा डंप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा आणि मागच्या दहा दिवसांच्या बिलाचे एकूण लिटर छापील रिपोर्टशी ताडून बघा. फाइल उघडली याला मी रिस्टोअर म्हणत नाही, लिटर जुळले पाहिजेत.

कृष्णाकाठ (तीन आठवड्यांनी, रात्री 9.05)

धागा वर आणतोय, कारण आज पहिल्यांदा पूर्ण रिस्टोअर केला. दुसरं मशीन परत आलं, त्यावर बेसबॅकअप घेऊन रेप्लिका चालू आहे, स्लॉट ‘टी’ दाखवतो. क्रॉनची स्क्रिप्ट लावली. एफसिंक चालूच होतं, देवाची कृपा.

रिस्टोअर एका जुन्या डेस्कटॉपवर केला. पहिल्याच मिनिटाला ‘रोल अस्तित्वात नाही’ असे शेकडो एरर. तरी टेबलं आली. 11 ते 20 तारखेचं बिल काढलं, एकूण लिटर छापील रिपोर्टशी दशांशापर्यंत जुळले. अध्यक्षांना तो कागद नेऊन दाखवला. पण संकलनाचं सॉफ्टवेअर त्या डेटाबेसला जोडायला गेलो तर लॉगिनच होईना. हे रोलचंच असेल ना?

रात्रपाळी (रात्री 9.30)

लिटर जुळले हे वाचून फार बरं वाटलं.

हो, रोलचंच. पीजी_डंप एका डेटाबेसपुरता असतो. रोल म्हणजे युजर, आणि त्यांचे पासवर्ड हे सगळ्या सर्व्हरचे असतात, ते त्यात येत नाहीत. ‘पीजी_डंपऑल’ला ‘ग्लोबल्स-ओन्ली’ हा पर्याय देऊन वेगळी फाइल काढा, काही केबीचीच होईल. रिस्टोअर करताना आधी ती चालवायची, मग डंप. पासवर्डचे हॅश असतात त्यात, म्हणून फाइलची परवानगी 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. आणि पीजी_एचबीए फाइलची (कुणी कुठून लॉगिन करायचं ते त्यात असतं) प्रतही सोबत ठेवा, तीही डंपमध्ये नसते.